कोल्हापुरातलं प्रिंटवाल्यांचं प्रदर्शन आणि एका प्रेसभोवती जमलेली माणसं

शाईचे_हात:
नमस्कार मंडळी, दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात आमच्या ग्रुपचं प्रदर्शन परवा संपलं. इथले बरेच जण येऊन गेले, काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून प्रश्न विचारले, प्रत्येकाला वेगळं उत्तर टायपत बसण्यापेक्षा म्हटलं एक धागाच काढू.

जे आले नाहीत त्यांच्यासाठी: आम्ही लिनोकट, वुडकट, एचिंग, ड्रायपॉइंट असलं काम करणारी माणसं, म्हणजे लिनोची मऊ शीट, लाकूड नाहीतर धातूचा पत्रा कोरून त्याला शाई लावायची आणि कागदावर चित्र छापायचं. कुणी ड्रॉइंग टीचर, दोघं हुपरीचे चांदी कारागीर, एक बँकेतून रिटायर झालेले काका, बाकी कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली आणि पोटासाठी दुसरंच काहीतरी करणारी पोरं. ग्रुपला अध्यक्ष नाही, खजिनदार नाही, लेटरहेड तर नाहीच नाही. चित्रं छापायची एक प्रेस आहे आणि आज तिची किल्ली कुणाकडं आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं.

माझं जुनं मत आहे की प्रिंटमेकिंगमध्ये ग्रुप तयार होतात ते मैत्रीमुळं नाही, प्रेसमुळं. पेंटिंग करणारा घरी एका कोपऱ्यात बसून करू शकतो. आम्हाला दोन पोलादी रोलर, मधून सरकणारा जाड पत्रा, कागदावर घालायचं लोकरीचं फेल्ट, पत्र्यावर रेघा खोल करायच्या ॲसिडला हवेशीर जागा, कागद भिजवायला ट्रे, वाळवायला दोऱ्या एवढं लागतं आणि ते एकट्याला झेपत नाही. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसारखं आहे, दळण ज्याचं त्याचं, गिरणी सगळ्यांची. म्हणून आमच्यात भांडणं कितीही झाली तरी ग्रुप फुटत नाही, कारण फुटून जाणार कुठं, प्रेस तर एकच आहे!

दर महिन्याच्या एका रविवारी प्रेस सगळ्यांसाठी उघडी असते, ग्रुपात नसलात तरी या. पुढच्या वर्षी काय वेगळं करावं हे विचारायला धागा काढलाय, तर बिनधास्त बोला.

नुसता_वाचक:
मी आलो होतो. काम आवडलं, विशेषतः ते महापुराचे मोठे वुडकट. पण एक शंका आहे, रागावू नका. चित्राखाली पेन्सिलीनं 4/15 लिहिलेलं. म्हणजे पंधरा कॉप्या आहेत. मग कॉपीला दोन हजार का द्यायचे? आमच्या इथला फ्लेक्सवाला तेवढ्यात अख्खी भिंत छापून देतो. आणि चौथी कॉपी पहिल्यापेक्षा स्वस्त का नाही?

शाईचे_हात:
रागवायचं काय त्यात, प्रदर्शनात रोज हाच प्रश्न असतो, आम्ही बोर्ड लावायचाच तेवढा बाकी होता.

असं बघा, फ्लेक्सवाल्याकडं आधी चित्र असतं आणि मग त्याची नक्कल निघते. आमच्याकडं आधी चित्र नसतंच. असतो तो कोरलेला पत्रा नाहीतर लाकूड, तेही उलटं. चित्र पहिल्यांदा होतं ते कागदावर, आणि पंधराच्या पंधरा वेळा हातानंच होतं. एचिंगचं सांगतो. पत्रा जरा गरम करायचा, दाट शाई सगळीकडं चोपडायची, खाचांत बसली पाहिजे. मग जाळीच्या कडक कापडाचा बोळा करून गोल गोल पुसायची, जास्त पुसली तर खाचेतली पण निघते, कमी पुसली तर सगळं कळकट दिसतं. शेवटी तळहाताला किंचित खडूची पूड लावून हातानंच एक हलका फिरवायचा. मग भिजवून निथळलेला कागद, वर फेल्ट, आणि चाक फिरवायचं. एका प्रिंटला अर्धा पाऊण तास सहज जातो, मोठ्या पत्र्याला जास्तच. आणि हे परत पहिल्यापासून, प्रत्येक कागदाला.

चौथा आणि पहिला यात काही फरक नसतो, आकडा म्हणजे एकूण पंधराच निघाले याची लेखी कबुली. पूर्ण झालं की बरेच जण पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात. ए.पी. असं लिहिलेलं दिसलं तर ते कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेलं. ड्रायपॉइंटची गोष्ट मात्र थोडी वेगळी, तिथं सुईनं ओरखडल्यावर कडेला धातूची जी बारीक खरखरीत कड उभी राहते तीच शाई धरते आणि प्रेसच्या दाबानं ती लवकर चेपते, म्हणून तिथं पहिले काही प्रिंट जास्त मखमली येतात. त्याची एडिशन, म्हणजे एकूण प्रिंटची संख्या, छोटीच ठेवावी लागते.

आणि उलटं बघा की. पेंटिंग एकानंच घ्यायचं, आमचं चित्र पंधरा घरांत लागतं म्हणून तर दोन हजारात मिळतं.

नुसता_वाचक:
ओके, पटलं. बायकोला पण हे वाचून दाखवलं, ती म्हणाली आधी का नाही विचारलंस, घेतलं असतं ना.

उद्यमनगरचा_पाटील:
भावा तुमची प्रेस बघितली मी, कुणी केली ती? वेल्डिंग बघून वाटलं आपल्याच एरियातली आहे.

शाईचे_हात:
पाटील साहेब बरोबर ओळखलंत, शिवाजी उद्यमनगरातच झाली. बाहेरून तयार प्रेस मागवायची म्हणजे आमच्या ऐपतीबाहेर. एका जुन्या कॉलेजातल्या प्रेसची मापं टेपनं घेतली आणि लेथवाल्या काकांना दिली. ते आधी म्हणाले ही गुऱ्हाळाची चरकी आहे होय, मग मी कागद मधून काढून दाखवायचं म्हटल्यावर दोन दिवस स्वतःच विचार करत बसले आणि वरचा रोलर दोन्ही बाजूंनी सारखा खाली यावा म्हणून स्क्रूला डायल लावून दिली. ते आम्हाला सुचलंच नसतं. दाब एका बाजूला जास्त पडला की प्रिंटची एक कड काळी आणि दुसरी फिकी येते, त्यामुळं त्या डायलचा लय उपयोग होतो.

उद्यमनगरचा_पाटील:
नाद खुळा! आणि ती रोलरखाली घोंगडी काय घातली होती?

शाईचे_हात:
हाहा, ती फक्त झाकायला. सुरुवातीला खरंच पट्टणकोडोलीची घोंगडी घालून बघितली होती एकानं, पण तिची वीण कागदावर उठते. चित्रात आभाळ असलं की त्या आभाळात घोंगडी दिसायची. आता दाबून केलेलं लोकरीचं फेल्ट वापरतो, त्याला वीण नसते. ओला कागद असल्यानं फेल्ट पण ओलं होतं आणि कागदातली खळ त्यात जाऊन कडक होतं, मधून मधून धुवावं लागतं.

बडोदेकर_जोशी:
धागा छान. बडोद्याहून लिहितोय. प्रेसमुळे ग्रुप होतात हे अगदी खरं, आमच्याकडे छाप म्हणून स्टुडिओ आहे तो ह्याच गरजेतून आला. गुलाम मोहम्मद शेख, कविता शाह, विजय बागोडी यांनी 1999 साली सुरू केला. फाइन आर्ट्सला शिकताना पोरांना प्रेस, छापायचे दगड सगळं मिळतं, पास झाली की दुसऱ्या दिवशी काहीच नाही. पेंटर कॅनव्हास विकत आणू शकतो, प्रिंटवाल्यानं काय करायचं? म्हणून कॉलेजबाहेर सगळ्यांना वापरता येईल अशी जागा. तिथं वर्कशॉप होतात, बाहेरचे कलाकार येऊन राहून काम करतात, आणि पोर्टफोलिओ निघतात. तुम्ही पोर्टफोलिओ करता का?

बाकी बडोद्यात प्रिंटचं वेड जुनं आहे, ज्योती भट्ट साठच्या दशकात न्यूयॉर्कला प्रॅटमध्ये शिकून आले. त्यांचे फोटो लोकांना जास्त माहीत असतात, प्रिंट कमी, हे मला कायम खटकतं.

शाईचे_हात:
करतो की, छोट्या प्रमाणात. प्रत्येकानं एकाच मापाच्या कागदावर एक चित्र करायचं, त्याचे प्रिंट जेवढी माणसं तेवढे आणि वर दोन काढायचे, मग सगळे अदलाबदल. प्रत्येकाच्या घरी अख्ख्या ग्रुपचा एक बॉक्स होतो. वरचे दोन बॉक्स ग्रुपचे, त्यातला एक विकून शाईचा खर्च निघतो.

दिल्लीत_अडकलेला:
दिल्लीचं पण ॲड करतो. इथं 1968 मध्ये जगमोहन चोप्रा आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ग्रुप 8 काढला, अनुपम सूद त्यातल्याच. त्या काळी गॅलऱ्या प्रिंट लावायलाच तयार नसायच्या, एकट्याला कोण विचारणार, म्हणून एकत्र प्रदर्शनं. नंतर 1990 मध्ये इंडियन प्रिंटमेकर्स गिल्ड झालं, त्यात आपले दत्तात्रय आपटे होते. आणि जागेचं म्हणाल तर ललित कला अकादमीचा गढीचा स्टुडिओ, 1976 पासून. मी तिथं लिथोचे, म्हणजे ज्यावर चित्र काढून छापतात ते दगड पहिल्यांदा बघितले, एकेक दगड उचलायला दोन माणसं, आणि दगड म्हणे जर्मनीतल्या बव्हेरियाचेच चांगले. एक चित्र छापून झालं की घासून परत कोरा करायचा, असे घासून घासून पातळ झालेले दगड.

आपल्या लोकांना एक नाव सांगावंसं वाटतं, देवयानी कृष्ण. इंदूरच्या, माहेरच्या जाधव, जेजेला शिकलेल्या. त्या आणि त्यांचे यजमान कंवल कृष्ण दोघंही दिल्लीला मॉडर्न स्कूलमध्ये शिकवायचे आणि प्रिंट करायचे. मराठीत त्यांच्यावर कुणी फारसं लिहिलेलं मला तरी सापडत नाही.

मिरजेची_मंजू:
सगळे दिल्ली बडोदा करताय, आमच्या मिरजेला विसरलात होय! तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली भगवद्गीता 1805 साली मिरजेत निघाली. नाना फडणवीसांच्या काळात इंग्रज वकील मॅलेटच्या नादानं पुण्यातल्या एका तांबट कारागिरानं देवनागरी अक्षरं पत्र्यावर कोरायची विद्या शिकून घेतली होती, पुढं मिरजेच्या पटवर्धनांनी त्याच्याकडून हे काम पुरं करून घेतलं. विचार करा, प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं, जोडाक्षरं, काने मात्रे सगळं उलटं. आणि आपण लिनोवर सही उलटी कोरायची विसरतो म्हणून रडतो.

तुमच्या प्रदर्शनात मिरजेची कुणी नव्हती हे मात्र नोंदवून ठेवते.

शाईचे_हात:
मंजूताई तुम्हीच या ना मग, तुमच्या नावानं एक हुक रिकामा ठेवतो.

स्पष्टवक्ता_सांगलीकर:
कौतुक सगळ्यांनी केलं, आता मी जरा उलटं बोलतो. प्रदर्शन बघितलं. टेक्निक उत्तम. पण विषय? चार बैल, तीन पंचगंगा घाट, दोन सुरकुतलेल्या म्हाताऱ्या, एक घोडा, एक गणपती. लिनोकट म्हटलं की म्हातारी हे समीकरण कुणी लावलं? सुरकुत्या कोरायला सोप्या म्हणून? राज्य प्रदर्शनात मुद्राचित्रणाच्या, म्हणजे प्रिंटच्या विभागात पण तेच. छापखाना हा माध्यम म्हणून किती भांडखोर आहे आणि आपण त्यात कॅलेंडर काढतोय.

चित्तप्रसाद बघा. बंगालचा माणूस, 1946 पासून मुंबईत अंधेरीला राहिला आणि लिनोकटमध्ये काम करणारी पोरं, मजूर, शेतकरी असं काय काय केलं. लिनो का, तर स्वस्त, आणि कितीही छापून लोकांत वाटता येतो. सोमनाथ होर बघा, दिल्लीला प्रिंट विभाग चालवला, मग शांतिनिकेतनला गेले आणि सत्तरच्या दशकात पांढऱ्यावर पांढरं, कागदाच्या लगद्यावर नुसत्या जखमा उठवल्या, शाई अजिबात नाही. प्रदर्शनात असं एक तरी काम होतं का ज्यानं झोप उडावी?

शाईचे_हात:
सांगलीकर सर, म्हाताऱ्यांबद्दल बोललात ते आमच्या ग्रुपवर पोस्ट केलंय, तिथं दोन दिवस भांडण चाललंय, धन्यवाद :)

पण एक काम तुम्ही घाईत बघितलं असं वाटतं. आतल्या भिंतीवर जे तीन लांबट वुडकट होते ते चिखलीच्या घरातल्या दारांच्या फळ्यांवर कोरलेत. 2019 च्या महापुरात ते घर कित्येक दिवस पाण्यात होतं, दारं फुगली, परत बसेनात म्हणून काढून टाकली. ज्यानं कोरलं त्याचंच ते घर. लाकूड पाण्यात राहिल्यावर मऊ भाग झिजतो आणि शिरा वर येतात, त्यामुळं त्यानं कोरलं फार कमी, शाई लावल्यावर फळीनंच आडव्या रेघा दिल्या. आणि मधोमध जी पांढरी पट्टी दिसते ती कोरलेली नाही. तिथं कडीकोयंड्याची पट्टी होती, ती काढल्यावर राहिलेला खड्डा आहे. हे काम प्रेसवर गेलंच नाही, फळी वाकडी आहे ना, चमच्याच्या पाठीनं घासून घासून काढलं.

खाली चिठ्ठी लावायला हवी होती असं सगळे म्हणतात, त्याचं म्हणणं चिठ्ठी लावली की लोक चिठ्ठी वाचतात, चित्र बघत नाहीत.

स्पष्टवक्ता_सांगलीकर:
हे मला खरंच माहीत नव्हतं. त्याला माझा नमस्कार सांगा. त्या तीन कामांपुरता शब्द मागे, म्हाताऱ्यांबद्दलचा कायम.

झेडपीचे_गुरुजी:
शाळेत करता येईल असं काही सांगा की. राधानगरी तालुक्यात वाडीवरची शाळा आहे, प्रेस वगैरे विषयच नाही. मुलांच्या हातात कटर द्यायची मला भीती वाटते, लिनोचे तुकडे पण परवडत नाहीत.

शाईचे_हात:
गुरुजी, ज्यूसचे टेट्रापॅक गोळा करा. उघडून सपाट करायचे, आतली चंदेरी बाजू वर. बोथट खिळा नाहीतर कंपासनं चित्र ओरखडायचं, जिथं गडद हवं तिथं वरचा पातळ थर सोलून काढायचा, खालचा खरखरीत पुठ्ठा शाई धरतो. मग शाई चोपडून जुन्या कापडानं पुसायची, ओलसर कागद ठेवून दाबायचं. प्रेस नसली तरी कपडे धुवायच्या जुन्या मशीनचे पिळायचे रोलर मिळाले तर उत्तम, नाहीतर चमचा आहेच. शाई ऑफसेट छापखान्यातून डब्याच्या तळाची मागून आणा, बहुतेक जण देतात. हात धुवायला रॉकेल नको, आधी गोडेतेल चोळायचं आणि मग साबण.

त्याहून लहान मुलांना भेंडी, पानं, दोऱ्या चिकटवलेला पुठ्ठा. पानाच्या शिरा इतक्या सुंदर येतात की मोठ्यांनी पण करावं. आम्ही दोघं तिघं येऊ शकतो एखाद्या शनिवारी, फक्त जेवणाला झुणका भाकरी पाहिजे ही अट.

झेडपीचे_गुरुजी:
झुणका नाही, कोंबडा पडेल. या नक्की.

काळजीवाहू_आई:
माझी मुलगी तुमच्या रविवारच्या प्रेसला यायचं म्हणतेय, अकरावीत आहे. ॲसिडचं काय? ते पिवळट धूर वगैरे वाचून भीती वाटते. आणि सांडपाणी कुठं सोडता, पंचगंगेत आधीच कमी आहे का?

शाईचे_हात:
ताई प्रश्न योग्य आहे. पूर्वी जस्ताच्या पत्र्याला नायट्रिक ॲसिड वापरायचे, काही कॉलेजात अजून वापरतात. पत्र्यावर बुडबुडे येतात ते पिसानं हलकेच बाजूला सारत बसायचं, नाहीतर रेघ खडबडीत कापली जाते, आणि तेवढा वेळ तो तपकिरी धूर नाकात. आम्ही ते बंद केलं. आता मोरचूद आणि मीठ पाण्यात घालून वापरतो. मोरचूद आपल्याकडं काय कमी आहे, तासगावला द्राक्षबागेच्या बोर्डो फवाऱ्यासाठी पोत्यानं मिळतं. धूर नाही, बुडबुडे जवळजवळ नाहीत, तळाशी तांब्याचा लालसर गाळ बसतो आणि पाण्याचा निळा रंग उडाला की समजायचं ताकद संपली. पण मोरचूद पण विषारीच, हातमोजे लागतातच. मोरीत काही ओतत नाही, सोड्यानं साका बसवून गाळ वेगळा भरून ठेवतो.

नवीन मुलांना पहिले काही रविवार फक्त लिनो. मुलीला पाठवा, सोबत तुम्ही पण या.

जुनी_मुंबईकर:
लोणावळ्याच्या पुढं पुण्याकडं जाताना मळवली लागतं ना, तिथं राजा रविवर्म्याचा छापखाना होता. 1894 ला मुंबईत सुरू झाला, प्लेगच्या धास्तीनं तिकडं हलवला, पुढं श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. 1972 मध्ये आगीत बरंच खाक झालं. आमच्या आजीच्या देवघरात तिथलीच लक्ष्मी होती, तिच्या साडीला आजीनं खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. पुण्याला चित्रशाळा त्याच्याही आधी, 1878, चिपळूणकरांची. म्हणजे महाराष्ट्रात घराघरात भिंतीवर पहिलं चित्र गेलं ते छापलेलंच. मग आता लोक छापलेलं चित्र कमअस्सल का समजतात हे कोडंच आहे.

दिल्लीत_अडकलेला:
काकू, त्याचं कारणच ते असेल. घरोघरी गेलं म्हणून स्वस्त वाटलं.

बडोदेकर_जोशी:
पुढच्या वर्षी काय करावं विचारलंत म्हणून सांगतो, भिंतीवर फ्रेमा लावण्याऐवजी गॅलरीत प्रेसच आणून ठेवा. माणसांना चाक फिरवू द्या. फेल्ट उचलून कागद सोलताना जो चेहरा होतो माणसाचा, तिथंच तुमचं अर्धं प्रदर्शन झालं समजा.

उद्यमनगरचा_पाटील:
ती प्रेस हलवायला क्रेन लागंल जोशी साहेब, साधं काम नाही ते. त्यापेक्षा माझी आयडिया ऐका. परदेशात रोड रोलर लावून प्रिंट काढतात म्हणे रस्त्यावर, यूट्यूबला बघितलंय. माझ्या मेव्हण्याकडं रोलर आहे. रंकाळ्याच्या कडेला एका सकाळी मोठ्ठं चित्र काढू, अख्खं कोल्हापूर बघायला येईल.

मिरजेची_मंजू:
मी येणार. आणि म्हातारी कोरणार नाही.

शाईचे_हात:
पाटील तुम्ही गंमत करत असाल पण मी सीरियस आहे. प्लाय आठ फूट बाय चार, आख्खी शीट एकच कोरायची. कागद टिकणार नाही, मांजरपाट कापड लागेल, त्यावर गादीचा फोम आणि वर परत प्लाय, म्हणजे रोलरची कड उठणार नाही. शाई लावायला चार माणसं एकदम पाहिजेत, नाहीतर एका टोकाची वाळते. आणि रस्ता पूर्ण सपाट पाहिजे, तिथंच घोडं अडणार आहे, कोल्हापुरात सपाट रस्ता कुठला आहे ते आधी कुणीतरी सांगा.

उद्यमनगरचा_पाटील:
रस्ता सोडा, आमच्या कारखान्यामागं काँक्रीटचं अंगण आहे, लेव्हल ट्यूबनं काढलेलं. मेव्हण्याला विचारतो डिझेल कुणी घालायचं.